तक्ता ‘क’मधलं नाव

सरकारी परिपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचू नये, हे शहाणपण मला चौपन्नाव्या वर्षी आलं. तेव्हा निवृत्तीला आठच महिने उरले होते, त्यामुळे त्याचा पुढे फारसा उपयोग झाला नाही. तरुण वाचकांना झाला तर बरं, म्हणून लिहितो. तसं माझं लिहिलेलं कोणी वाचेल याचीही मला खात्री नाही.

ते स्वाइन फ्लूचं वर्ष. राजधानीहून, म्हणजे सुवाहून, आमच्या कचेरीत एकोणीस पानांचं परिपत्रक आलं, ‘कार्यालयांमध्ये साथीच्या फ्लूचा प्रसार रोखणे’. आमची कचेरी जमीन-नोंदणीची, बंदराच्या रस्त्यावर, पत्र्याच्या छपराखाली. अकरा माणसं: सात बायका, चार पुरुष. प्रमुख गौंडर साहेब. त्यांनी सकाळच्या चहाच्या वेळी ते परिपत्रक हातात तोलून पाहिलं आणि विचारलं, “हे कोणी वाचलंय का?”

मी हात वर केला. मी एकट्यानंच.

“मग सैरुसीलाच करा फ्लूचा अधिकारी,” तोरिका म्हणाली. “तो औषध संपलं तरी बाटलीवरचं लेबल वाचत बसतो.”

तोरिका आमची वरिष्ठ कारकून आणि माझी तौवू. म्हणजे तिचं बेट आणि माझं गाव यांचा मूळपुरुष एकच, असं म्हणतात. तौवूनं तौवूची वाटेल ती थट्टा करावी, त्याच्या ताटातला मासा उचलावा, आणि समोरच्यानं न रागावता तितकंच जोरात उलट बोलावं, असा आमच्याकडचा रिवाज. रिवाज दुतर्फा आहे. मी लाजाळू असल्यामुळे आमच्या कचेरीत तो अठ्ठावीस वर्षं एकतर्फी चालला होता. मला उत्तर सुचत नाही असं नाही. पण थट्टा सोमवारी झालेली असते आणि उत्तर साधारण गुरुवारी सुचतं.

तर मी फ्लूचा अधिकारी झालो. पहिलं काम होतं तक्ता ‘क’ भरून शुक्रवारच्या आत सुवाला पाठवायचं. विशेष धोका असलेले कर्मचारी: दमेकरी किती, मधुमेही किती, गरोदर स्त्रिया किती. दमा आणि मधुमेहाचं सोपं होतं. आमच्याकडे लोक ते चहाबरोबरच सांगतात. पण सात बायकांपुढे जाऊन तिसरा प्रश्न विचारायचा म्हणजे... मी माझ्या स्वतःच्या बायकोला, मकेरेताला, तो प्रश्न कधी विचारलेला नाही. तीच येऊन सांगायची, आणि मी हातातलं पुस्तक खाली ठेवायचो.

रात्रभर विचार करून मी युक्ती काढली. सात चिठ्ठ्या. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात: ‘आपण गरोदर आहात काय? हो / नाही. नाव लिहू नये.’ आणि झाकणाला फट पाडलेला बिस्किटांचा डबा. मला ती युक्ती फार सभ्य वाटली होती. संध्याकाळी डबा उघडला. पाच चिठ्ठ्यांवर ‘नाही’. सहावीवर, ‘बाप तूच असशील तर हो, आणि आता तुझ्या बायकोला सांगायला चालले आहे.’ ही कोणाची ते सांगायला नको.

सातवीवर बारीक गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘हो. दहावा आठवडा. मामा, कोणाला सांगू नका.’

नाव नव्हतं. पण ज्यानं अठ्ठावीस वर्षं दप्तरखान्यात दुसऱ्यांची अक्षरं लावण्यात घालवली, त्याला नाव कशाला लागतं? ते अक्षर लाइसानीचं होतं. लाइसानी आमच्या खिडकीवर बसायची. रस्त्याकडच्या खिडकीवर, जिथे सगळं गाव येऊन वाकतं, विचारतं, भांडतं आणि खोकतं. आणि परिपत्रकाच्या अकराव्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं की गरोदर बाईला हा फ्लू झाला तर तिच्या आणि बाळाच्याही जिवावर बेतू शकतं. अकरावं पान कचेरीत मी एकट्यानंच वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मागच्या नळावर ती कप विसळत होती. मी नळाकडे बघत म्हणालो, “चिठ्ठी मिळाली.”

तीही नळाकडेच बघत होती. “मामा, याआधी तीनदा लगेच सांगितलं होतं सगळ्यांना. गावानं मासे आणले, चटया विणल्या. मग तीनदा घरोघर जाऊन परत सांगावं लागलं, की आता नाही. सांगणं सोपं असतं मामा. ते परत सांगणं नाही जमत. चौदावा आठवडा कधी ओलांडला नाही मी. तो जाऊ दे, मग बघू.”

“पण खिडकी...” मी म्हणालो.

“खिडकी सोडली तर तोरिकाबाई अर्ध्या तासात ओळखतील.”

अर्धा तास हा अंदाजही उदार होता. मी तिला ‘ठीक आहे’ म्हणालो. मी लोकांना फार वेळा ठीक आहे म्हणतो.

तेव्हा ठरवलं, की खिडकी हलत नसेल तर फ्लूच कचेरीबाहेर ठेवायचा. एकोणीस पानांतलं प्रत्येक कलम अमलात आणायचं.

पहिलं कलम, दोन माणसांत दोन मीटर अंतर. मी फूटपट्टीनं कचेरी मोजली आणि कागदावर आकडेमोड केली. तिच्यातून निष्पन्न झालं की चार जणांना रस्त्यावर बसावं लागेल, त्यांपैकी एक गौंडर साहेब. ते कलम मी पुढे ढकललं.

दुसरं कलम, सामाईक भांडी टाळणे. दर शुक्रवारी चारला आमच्या मागच्या खोलीत यांगोना, म्हणजे मुळांच्या भुकटीचं सुस्ती आणणारं पेय, कालवतात. मोठं लाकडी पात्र, आणि नारळाची एकच करवंटी, जी अकरा ओठांना लागते. एकानं प्यायची, बाकीच्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या. मी घसा साफ करून सांगितलं की यापुढे ज्यानं त्यानं आपापला पेला आणावा.

“केवढा?” कोणीतरी विचारलं.

“परिपत्रकात माप दिलंय का?” गौंडर साहेबांनी मला विचारलं.

“नाही, साहेब.”

“मग मी काय बोलणार?”

त्या शुक्रवारी घरोघरचे मग आले. तोरिकानं सरबताचा जग आणला. पात्र एका फेरीत संपलं, दुसरं कालवलं, तेही संपलं. पण मला वाईट त्याचं वाटलं नाही. सगळे एकदम पीत असल्यामुळे टाळ्या वाजवायला कोणाचेच हात मोकळे नव्हते. भिंतीला टेकून सगळे गप्प प्यायले, जणू कोणी वारलंय. सोमवारी दहा वाजेपर्यंत लाइसानी आणि मी सोडून कोणी कामावर उगवलं नाही. एका अर्थी संसर्ग टळला. पुढच्या शुक्रवारी तडजोड निघाली: करवंटी फिरेल, पण ती ओठांना न लावता आपापल्या पेल्यात ओतायची. टाळ्या परत आल्या. या साऱ्या प्रकरणात माझं एवढं एकच कलम यशस्वी झालं, आणि ती कल्पनाही माझी नव्हती, तोरिकाची होती.

तिसरं कलम मात्र मला भोवलं. हाताला लावायचं जंतुनाशक सुवात संपलं होतं; कचेऱ्यांनी ते आपापल्या गावी तयार करावं, असं परिशिष्टात होतं. दवाखान्यातून स्पिरिट आणि ग्लिसरीन मिळालं. मिश्रण पाण्यासारखं पातळ झालं. दुकानातलं जंतुनाशक दाटसर असतं हे मी पाहिलं होतं. तेव्हा मी, परिशिष्टात नसताना, घरून आणलेलं कसाव्याच्या कंदाचं पीठ शिजवून त्यात घातलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सकाळी बाटलीत लापशी होती. गौंडर साहेबांनी ती हाताला चोळली आणि नंतर १९४७ सालचा एक नकाशा उचलला. तो त्यांनी दुपारपर्यंत खाली ठेवला नाही; म्हणजे ठेवता आला नाही. मी पुन्हा केलं. पुन्हा गुठळ्या. तिसऱ्यांदाही.

तोरिका बाटली उजेडात धरून बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, “तीनदा बिघडलं. इथे कोणीतरी लपवतंय.”

आमच्याकडे जुन्या बायका मानतात की बाईनं पोटातलं मूल लपवलं की आजूबाजूची कामं फसतात. पाव फुगत नाही, होड्या रिकाम्या परततात. मी असल्या गोष्टी मानत नाही. निदान दिवसाउजेडी मानत नाही. पण त्या दिवसापासून पुरावेच गोळा व्हायला लागले. चहासाठी तोरिकानं केलेला केक मधोमध बसला. झेरॉक्सचं यंत्र बंद पडलं. एका कारकुनाला सबंध शनिवारी एक मासा लागला नाही. सात बायका एकमेकींवर नजर ठेवू लागल्या: कोण चहा टाळतंय, कोणाचा झगा सैल झालाय. खिडकीवर लाइसानी पाठ ताठ करून बसायची.

मी घाबरलो आणि खरं बोलायला लागलो. “यात कोणी काही लपवलेलं नाही,” मी चहाच्या वेळी म्हणालो. “मीच पीठ जास्त घातलं. मला स्वयंपाकातलं काही कळत नाही.”

“तू पुस्तकात बघून केलंस ना?” तोरिका म्हणाली.

“हो, पण...”

“मग तुझं चुकेल कसं?”

“मी बावळट आहे,” मी म्हणालो.

“तौवू, तू बावळट आहेस हे जगजाहीर आहे. पण तू काळजीपूर्वक बावळट आहेस. तुझ्याकडून माप चुकत नाही.”

जन्मभर लोकांना वाटलं की मला काही जमत नाही, आणि मी मनातल्या मनात त्यांच्याशी वाद घातला. आता एकदाच मला हवं होतं की त्यांनी तसं समजावं, तर कोणी ऐकायला तयार नाही.

इकडे तक्ता ‘क’ साहेबांच्या टेबलावरून परत आला होता. गरोदर स्त्रियांपुढे मी ‘१’ लिहिला होता. शून्य लिहिलं असतं तर भानगडच मिटली असती, हे मकेरेतानं नंतर मला पुष्कळदा सांगितलं. पण सरकारी कागदावर खोटा आकडा लिहायला माझा हात उठेना. शिवाय ती एक आकडा म्हणून तरी कुठेतरी नोंदलेली असावी, असं मला वाटत होतं. नावाचा रकाना मी कोरा सोडला. गौंडर साहेबांनी परत केला. “रकाना कोरा चालत नाही.” मी ‘गोपनीय’ लिहिलं. परत. “हे नाव नाही.” शेवटी शुक्रवारी पावणेचारला, पोस्टाची गाडी दारात, अशा वेळी मी नावाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि पुढे शेरा दिला, ‘अधिक माहितीसाठी यांच्याकडे चौकशी करावी.’ रकाना भरलेला बघून साहेबांनी सही केली.

सुवाला तक्ते वाचणाऱ्यांनी शेऱ्याचा रकाना वाचला नाही. ते मात्र परिपत्रकं शेवटपर्यंत न वाचण्याचं शहाणपण शिकलेले असावेत.

पुढच्या बुधवारी फोन वाजला. कचेरीत फोन एकच, तोरिकाच्या टेबलावर.

“हो, आहेत ना सैरुसी,” ती म्हणाली. “काय? परत सांगा.” मग ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर हसू भरतीच्या पाण्यासारखं हळूहळू चढत गेलं. तिनं रिसीव्हरवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तौवू, सुवाच्या दवाखान्यातल्या बाई आहेत. तुला कितवा महिना ते विचारताहेत.”

कोणीतरी चहा सांडला.

“तक्त्यात तुझं नाव आहे म्हणतात. आणि सकाळी उलट्या होतात का, तेही विचारताहेत.”

खिडकीवर लाइसानीचं लिहिणं थांबलं होतं. तिनं मान वळवली नव्हती, पण पेन कागदावर टेकून तसंच होतं. मी खुलासा केला असता, तर पुढचा प्रश्न सरळ होता: तुझं नाव चुकून पडलं, मग तो एक कोण? माझे कान तापले. आणि अठ्ठावीस वर्षांत प्रथमच, बुधवारची थट्टा झालेली असताना मला बुधवारीच उत्तर सुचलं.

“त्यांना सांग,” मी म्हणालो, “सकाळी होत नाहीत. फक्त तुझा केक खाल्ल्यावर होतात.”

क्षणभर कोणाला कळेना की हे मी बोललो. मग जे हसू फुटलं ते रस्त्यापलीकडच्या पावाच्या दुकानात ऐकू गेलं. तोरिका टेबलावर डोकं ठेवून हसत होती. त्या दिवसापासून शोध संपला. लापशी का झाली, केक का बसला, मासा का लागला नाही, सगळ्याचं कारण सापडलं: सैरुसी लपवत होता. कोणी माझ्या खुर्चीवर उशी ठेवली. कोणी कच्ची पपई खाऊ नका म्हणून बजावलं. गावात बातमी पोचली. चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरला. मला रात्री पांघरुणात तोंड लपवावंसं वाटे, आणि लपवून मी हसत असे, हेही सांगायला हवं.

आठवड्यानं लेखी आदेश आला. सदर व्यक्तीस सध्याच्या जागेवरून तातडीने हलवून हवेशीर ठिकाणी बसवावे. गौंडर साहेबांनी मला आत बोलावलं.

“सैरुसी, तुम्ही पुरुष आहात हे मला व्यक्तिशः मान्य आहे,” ते म्हणाले. “पण तसं कळवायचं म्हणजे तक्ता चुकीचा होता असं लिहावं लागेल. आणि त्याच्यावर सही माझी आहे.”

“हो, साहेब.”

“तेव्हा तुम्हाला हलवावं लागेल. हवेशीर जागा कुठली?”

कचेरीत हवेशीर जागा एकच होती. मी तिच्याकडे अठ्ठावीस वर्षं पाठ करून बसलो होतो. दप्तरखान्याच्या दोन कपाटांमागे जागा मिळावी म्हणून मी एकदा बढतीही नाकारली होती, कारण बढती म्हणजे माणसांशी बोलणं.

“खिडकी,” मी म्हणालो. “मी खिडकीवर बसतो. लाइसानीला दप्तरखान्यात बसवा. तिकडे कोणी येत नाही.”

“तिथे हवा नाही.”

“मागची खिडकी उघडते, साहेब. नकाशे उडतील म्हणून मीच उघडत नव्हतो.”

आता खिडकीवरच्या माझ्या कारकिर्दीबद्दल. माझा आवाज इतका बारीक आहे की माणसं तो ऐकायला डोकं खिडकीच्या आत घालायची. दोन मीटरचं अंतर माझ्यामुळे दोन वितींवर आलं. ‘तोंडावर रुमाल धरा’ हे वाक्य मी रोज घरून पाठ करून जायचो, आणि समोर एखादा कुळप्रमुख आला की मीच माझ्या तोंडावर रुमाल धरायचो. नवव्या दिवशी खोबऱ्याचा एक व्यापारी आला. जमिनीच्या हद्दीबद्दल विचारता विचारता तो तीनदा माझ्या तोंडावर खोकला, आणि प्रत्येक वेळी त्यानं माफी मागितली. फार सभ्य माणूस.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मला एकशेतीन ताप होता.

“एकोणीस पानं वाचलीत,” मकेरेता माझ्या छातीला खोबरेल चोळत म्हणाली. “विसाव्या पानावर काय होतं, फ्लू कसा आणावा?” पण तिचा हात थांबत नव्हता, आणि आवाज नेहमीसारखा नव्हता. चार दिवस हाडं कुटल्यासारखी दुखत होती. गोधडीत कुडकुडताना माझ्या मनात सारखं एकच येई: हा खोकला त्या खिडकीवर आलाच असता. फक्त खिडकीत कोण बसलंय एवढाच प्रश्न होता. हे शौर्य नव्हे. मी शूर नाही. पण आयुष्यात प्रथमच मी योग्य जागी बसलो होतो.

पाचव्या दिवशी कुंपणाबाहेर तोरिका आली. हातात माशाच्या रश्शाचं पातेलं. कुंपणापासून पावलं मोजून ती मागे सरकली आणि तिथूनच बोलू लागली. तिला ओरडावं लागत नाही.

“काय तौवू, कळा सुरू झाल्या का?”

“खिडकीवर कोण आहे?” मी ओसरीवरून विचारलं. माझा तेवढाच एक घोर होता.

“मी. दुसरं कोण बसणार?”

“तुला झाला तर?”

“फ्लूला माझी भीती वाटते.” तिनं पातेलं दगडावर ठेवलं. “ती आत आहे. काळजी करू नकोस.”

मी हळूच म्हणालो, “तुला कोणी सांगितलं?”

“तौवू, मी सहा मुलं जन्माला घातली आहेत. बिस्किटाचा डबा उघडला की ती पोरगी मान फिरवायची. तू डब्याला फट पाडलीस त्याच्या आधीपासून मला ठाऊक होतं.”

“मग ‘कोणीतरी लपवतंय’ म्हणून का ओरडत होतीस?”

“तिला वाट करून देत होते. मला वाटलं, एकटीच घेऊन बसलीय, घाबरून तरी बोलेल.” तोरिकानं पायाची माती गवताला पुसली. “मग तो फोन आला. मी तुझं तोंड बघितलं. तेव्हा कळलं, हिनं सांगितलंय. तुला सांगितलंय. एका माणसाला सांगितलं म्हणजे ते लपवलेलं राहत नाही, तौवू. तू तर सुवाला लेखी कळवलंस.”

“पण मग तू माझी एवढी थट्टा...”

“लोक हसायला लागले की शोधायचं विसरतात,” ती म्हणाली. “आणि केकचं मी लक्षात ठेवलंय.”

मी कामावर परतलो तो ऑगस्टचा मधला सोमवार. तोरिका खिडकीवर ठाण मांडून होती आणि उठायला तयार नव्हती. दहाच्या चहाला लाइसानी दप्तरखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी चौकट धरून म्हणाली, “मला सांगायचंय काहीतरी. सोळावा आठवडा आहे. शनिवारी नर्सनं ठोके ऐकवले.”

तेव्हा कचेरीनं जे आश्चर्य केलं, ते मी विसरणार नाही. कोणी कप खाली ठेवला, कोणी तोंडावर हात नेला, तोरिका तर “अगं, कधी?” म्हणत खुर्चीवरून उठली. त्या खोलीत ज्याला खरोखर काही माहीत नव्हतं असा माणूस एकच होता, गौंडर साहेब, आणि त्यांचं आश्चर्य सगळ्यांत फिकं दिसलं. मुलगी फेब्रुवारीत झाली, साडेसात पौंडांची, आणि तिच्या रडण्याचा आवाज तोरिकाच्या बेटाकडचा आहे असं सगळ्यांचं मत पडलं. पण ते पुढचं.

त्या सोमवारी चहानंतर मी माझा चष्मा घ्यायला दप्तरखान्यात गेलो. लाइसानी माझ्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. पायांना सूज होती, आणि ते पाय तिनं जमीन-नोंदीच्या दोन जाडजूड खंडांवर ठेवले होते. त्या खंडांवर मी अठ्ठावीस वर्षं कोणाला चहाचा कपसुद्धा टेकवू दिला नव्हता. माझी चाहूल लागताच ती दचकली आणि पाय खाली घ्यायला लागली.

“राहू दे,” मी म्हणालो.

कपाटातून १९३२ ते १९३८ चा खंड काढला. धूळ झटकली आणि तोही खाली सरकवला. पाय थोडे उंच असले तर बरं पडतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं.